ताईची बोटं

"जरा थांबवा," तो म्हणाला, आणि एवढ्याशा खोलीत आपण इतक्या मोठ्याने का ओरडलो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. संग्रहालयातल्या बाईंनी दचकून बटण दाबलं. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजलं. पाच वाजवणारे, एक लाकडी मंच, मागे अर्धा बांधलेला पूल, आणि उजवीकडून दुसरी, मोठं अकॉर्डियन गळ्यात अडकवून बसलेली, कपाळावर केसांची बट आलेली, एकतीस वर्षांची ताई. ताई दिसणार हे त्याला ठाऊक होतं. त्या सिनेमात ती होती, त्यानेच तिला तिथे बसवलं होतं. त्यामुळे दचकायचं काहीच कारण नव्हतं. पण आधी दिसली होती ती पाटी; चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर धरतात ती, खडूने लिहिलेली. पाटीवर तारीख होती, चार. महिना त्याच्या लग्नाचा. आणि पाटी बाजूला होताच ताईच्या उजव्या हाताची बोटं चालू लागली होती, आणि त्या बोटांकडे बघताना तो ओरडला होता.

"काही खराब झालंय का सर, चित्रात?" बाईंनी विचारलं. त्या तरुण होत्या, कामाच्या बाबतीत कमालीच्या काटेकोर होत्या. गेली दोन वर्षं त्या फक्त या एका सिनेमाच्या मागे होत्या. एका बंद पडलेल्या लॅबच्या तळघरात डबे सापडले, त्यांत चित्र होतं, आवाज नव्हता. त्या काळी चित्र एका डब्यात आणि आवाज दुसऱ्या डब्यात ठेवत, आणि आवाजाचे डबे कुठे गेले ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मग बाईंनी शोध घेतला तेव्हा त्यांना कळलं, की या सिनेमाचा संगीतकार जिवंत आहे, इतकंच नव्हे तर याच शहरात चार स्टेशनं पलीकडे राहतो. त्यांनी पत्र लिहिलं. संगीत पुन्हा बसवून द्याल का? त्याने हसत हसत होकार दिला होता. अवघड काय होतं त्यात? बाकीचं काही आठवलं नाही तरी नाचाच्या प्रसंगातली ती चाल त्याला आठवायचीच गरज नव्हती. ती त्याला विसरताच येत नव्हती.

"खराब काही नाही," तो म्हणाला. "पुन्हा सुरुवातीपासून लावाल? हळू. अगदी एकेक चित्र."

बाईंनी लावलं. आवाज नसलेल्या त्या हातांकडे तो बघत राहिला. अकॉर्डियनची गंमत अशी, की सूर चढतो तसा हात खाली उतरतो. समोर बसलेल्याला उंच सूर ताईच्या कमरेपाशी दिसतात आणि खालचे सूर हनुवटीपाशी. हे त्याला सातव्या वर्षी ताईनेच शिकवलं होतं. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा चौदाची. वडील आजारी, घरात बोलायचं ते हळू, म्हणून ती भाता बंदच ठेवून नुसत्या पट्ट्यांवर बोटं चालवायची आणि म्हणायची, "ओळख बघू कुठली चाल?" तो ओळखायचा. पहिल्यांदा दहातली एक, मग पाच, मग दहाच्या दहा. शेजारच्यांना वाटायचं, ही दोघं भावंडं तासन्‌तास गप्प कशी बसतात. आज त्र्याहत्तराव्या वर्षी, चष्म्याचं भिंग पुसून, तो पुन्हा तेच करत होता. तिसरं बोट, पहिलं, हात खाली, करंगळी ताणलेली, मग एक काळी पट्टी, मग भाता उलटा फिरला, म्हणजे श्वास, म्हणजे ओळ संपली. त्याची स्वतःची बोटं नकळत टेबलाच्या कडेवर चालू लागली होती. चार ओळी झाल्यावर त्याने हात टेबलावरून उचलला, जणू टेबल तापलं होतं.

तीच चाल होती. सगळ्या जगाला ठाऊक असलेली त्याची चाल.

यात नवल नाही, असं त्याने आधी स्वतःला समजावून पाहिलं. सिनेमातल्या नाचाला त्याने ती लावली होती, तेव्हा पडद्यावरची बोटं तीच वाजवणार, दुसरं काय वाजवणार? पण हे समजावणं पुरतं मनात उतरायच्या आतच ती पाटी आडवी आली. चार तारीख. आणि चाल त्याला सुचली होती बारा तारखेला. बारा तारीख इकडची तिकडे होणं शक्यच नव्हतं, कारण बाराला त्याचं लग्न होतं. ही गोष्ट त्याने किती मुलाखतींतून सांगितली असेल! लग्नाच्या दिवशी सकाळी तो दाढी करायला न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. एक गाल झाला, न्हावी वस्तऱ्याला धार लावायला वळला, आणि आरशात बघता बघता चाल आली. आली म्हणजे पुरीच्या पुरी, न्हाऊन धुऊन, कपडे घालून दारात उभी राहावी तशी. तो तसाच साबण लावलेल्या गालाने पळत सुटला आणि घरी जाऊन त्याने ती कागदावर उतरवून काढली. लग्नाच्या फोटोत त्याच्या उजव्या गालावर खुंट स्पष्ट दिसतात. बायको शेवटपर्यंत म्हणायची, "माझं लग्न अर्ध्याच नवऱ्याशी झालं, उरलेला अर्धा त्या चालीने पळवला." ती जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी आता पाहुण्यांना तो फोटो दाखवून तीच गोष्ट सांगते, आणि तो बाजूला बसून, जणू पहिल्यांदाच ऐकतोय असा, हसतो.

मग चार तारखेला ताई काय वाजवत होती?

बाईंनी खोलीतला दिवा लावला नव्हता. पडद्याच्या उजेडात त्यांचे पांढरे हातमोजे तेवढे दिसत होते. तो मुकाट्याने बसून त्या दिवसात उतरत गेला. पूल बांधणाऱ्या कामगारांची गोष्ट होती ती. पूल पुरा होण्याआधीचा नाच. दिग्दर्शकाला आवाज टिपायचं यंत्र त्या दिवशी मिळालं नव्हतं, नुसता कॅमेरा होता, खडखडणारा. त्याने वाजवणाऱ्यांना ओरडून सांगितलं होतं, "आवाज घेत नाही आज! काहीही वाजवा, पण हात हलू द्या!" संगीत मागाहून भरायचं होतं, ते भरणारा संगीतकार म्हणजे हा स्वतः, चोवीस वर्षांचा, पहिलाच सिनेमा. माणसं कमी होती म्हणून त्याच्या हातात ऊन परतवायचा चकचकीत पत्रा दिलेला. दिवसभर तो पत्रा धरून उभा होता. दंड भरून आले होते. डोक्यात लग्न होतं, लग्नाला घालायचा कोट होता, कोटाची बाही आखूड होती. आणि समोर ताई वाजवत होती. काहीही वाजवा म्हटल्यावर बाकीचे चौघे कुठलं कुठलं ओळखीचं वाजवत सुटले होते आणि त्या गोंधळाच्या खालून, कधी वरून, ताईचं एक काहीतरी सारखं येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. सात-आठ वेळा चित्रीकरण झालं. सात-आठ वेळा ते त्याच्या कानांवरून गेलं. त्याने ऐकलं नव्हतं. नुसतं त्याच्या आत साठत गेलं होतं, आणि आठ दिवसांनी, डोकं रिकामं सापडताच, आरशातून समोर उभं राहिलं होतं. त्याला ते सुचल्यासारखं वाटलं. ओळखीचं आपल्याच घरातून आलं की त्याला कुठे नाव विचारतो आपण?

सिनेमा पडद्यावर आला तेव्हा लोक म्हणाले होते, काय कमाल आहे, चित्र आधी काढलं आणि चाल मागाहून बांधली, तरी बोट न्‌ बोट जुळतंय! तोही म्हणाला होता, "नशीब." त्याच नशिबाने दोन वर्षांनी या शहरातून पत्र आलं होतं. इथल्या एका निर्मात्याने तो सिनेमा कुठल्याशा महोत्सवात पाहिला होता. पत्रात त्याचं नाव नव्हतंच. लिहिलं होतं, पुलावरच्या नाचाची चाल ज्यांनी केली त्यांनी इकडे यावं. ज्यांनी केली त्यांनी. ते पत्र टपाल कचेरीतून घरी घेऊन आली होती ताईच. ती तिथे टपाल वेगळं करायच्या खिडकीवर कामाला होती. तिने पाकीट त्याच्या हातात दिलं होतं, आणि त्याने मोठ्याने वाचून दाखवल्यावर क्षणभर थांबून म्हणाली होती, "जा. वडलांचं मी बघते." त्या क्षणभरात काय होतं? एवढी वर्षं त्याला वाटत आलं, की त्यात वडलांची काळजी होती, भावाच्या दूर जाण्याचं दुःख होतं. आता त्या क्षणाकडे त्याला सरळ बघवेना. आणि बघितल्याशिवाय राहवेना.

मग त्रेचाळीस सिनेमे. पहिली सहा वर्षं तळमजल्यावरच्या एका खोलीत, जिच्या खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. भाषा येत नव्हती, म्हणून वादकांना सगळं हातवाऱ्यांनी, शिट्टीने, कधी टेबल बडवून सांगायचं. वादक त्याला 'मुका मास्तर' म्हणायचे आणि तरी जीव टाकून वाजवायचे. दुसऱ्याच सिनेमात त्याने ती चाल पुन्हा वापरली, साठ वादकांचा ताफा घेऊन, आणि ती अशी काही पसरली की त्यालाच भीती वाटली. लग्नांत वाजली, खेळाच्या मैदानांवर हजारो लोकांनी ती टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटली, दवाखान्याचा फोन लागेपर्यंत कानात वाजू लागली. एकदा परक्या गावातल्या परक्या रस्त्यावर एक बाई रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन तीच गुणगुणत येरझाऱ्या घालताना त्याला दिसली होती. तो थांबून बघत राहिला होता. तेव्हा आलेला अभिमान आता आठवला आणि आपण दुसऱ्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा घेत बसलो होतो असं काहीतरी वाटलं. पण लाज पुरती जमून येईना. लाजेच्या जागी वेगळंच काहीतरी चढत होतं. ऊन, पत्रा, कॅमेऱ्याची खडखड, आणि त्यात एक बाई, जिचं कोणी ऐकत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, सहज हात हलवावा तसं काहीतरी वाजवते. आणि ते तिथून निघतं, समुद्र ओलांडतं, आणि एका अनोळखी बाळाला झोपवतं. केवढं हे! छातीत मावेना त्याच्या.

"बाई," तो म्हणाला. "सिनेमातल्या नावांच्या पाट्या अजून लिहायच्या आहेत ना?"

"हो सर. शेवटी लिहू."

"नाचाच्या संगीताखाली माझं नाव घालू नका."

बाईंनी मान वळवली. त्याने सांगितलं, जसं सुचेल तसं, पाटी, तारीख, न्हावी, पत्रा. मग बाईंनी चित्र मागे नेलं, पाटीवर थांबवलं, तारीख मोठी करून पाहिली, आणि म्हणाल्या, "मी हे चारशे वेळा तरी पाहिलंय. एकेक ओरखडा पुसलाय. मला वाटायचं, या बाई हात उगाच हलवतायत."

घरी आला तेव्हा दुपार होती. मुलगी त्याच्यासाठी थांबली होती. तिला त्याने कोट न काढताच सगळं सांगितलं. ती भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघत राहिली.

"म्हणजे बाबा, ती दाढीची गोष्ट खोटी?"

"गोष्ट खरी आहे गं. गालही खरा, साबणही खरा. फक्त मला सुचलं नव्हतं, आठवलं होतं."

"आत्याला माहीत असेल?"

त्याला एक जुनं पत्र आठवलं. पहिला मोठा सिनेमा तिकडे लागला तेव्हा ताईचं पत्र आलं होतं. वडलांची तब्येत, छपराची दुरुस्ती, आणि शेवटी एकच ओळ: 'सिनेमा पाहिला. चाल लगेच ओळखली.' तो खूश झाला होता. त्याला वाटलं, आपली शैली ओळखली ताईने. त्यानंतर दर रविवारी फोन, दहा मिनिटांचा. गुडघे, डोळ्यांचे थेंब, इकडची थंडी, तिकडची उकड. वडील गेले, ताई नोकरीतून निवृत्त झाली, एकटी राहिली, इकडे ये म्हटलं तर "बघू" म्हणाली. पण गाण्याबजावण्याबद्दल एक अक्षर नाही. एवढा मोठा संगीतकार आणि टपाल कचेरीतली बहीण. आपण संगीताचं काढलं तर तिला वाईट वाटेल, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. आज रविवार नव्हता. त्याने फोन लावला.

"काय रे, बरा आहेस ना?" रविवार नसलेला फोन म्हटल्यावर ताईने पहिलं हेच विचारलं.

"बरा आहे. ताई, आज तुला पाहिलं मी. पुलावर. वाजवताना."

"अगंबाई! सापडला तो सिनेमा? बट आवरलेली होती का माझी?"

"नव्हती. ताई, तू काय वाजवत होतीस ते मी वाचलं. बोटांवरून."

ती हसली. "अजून येतं की तुला!"

"ती तुझी होती."

"हो, मग?" तिच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "तुला काय वाटलं?"

"मला वाटलं माझी."

ताईच्या घरातलं घड्याळ त्याला इथे ऐकू येत होतं. एकोणपन्नास वर्षं, दोन घरं, आणि मधे ही एवढीशी टिकटिक. तो सांगू लागला. पत्रा धरून उभा होतो, लक्ष नव्हतं, खुर्चीत बसलो तेव्हा आली, देवाशपथ मला माहीत नव्हतं. सांगता सांगता त्याचा आवाज सातव्या वर्षाचा झाला. मुलगी उठून बाहेर गेली.

"अरे वेड्या," ताई शेवटी म्हणाली. "मला वाटलं, तू जाताना बरोबर नेलीस. घरातलं काहीतरी न्यावंसं वाटतंच माणसाला. कोणी पातेलं नेतं, कोणी पांघरूण. मी म्हटलं, आपल्या धाकट्याने ही नेली. मला बरं वाटायचं. तिकडून ती परत ऐकू आली की मी म्हणायची, चला, खुशाल आहे."

"आणि ते पत्र? ज्यांनी केली त्यांनी यावं, असं लिहिलं होतं त्यात. तू का नाही बोललीस?"

"काय बोलणार होते? वडलांना कुणी उचललं असतं अंथरुणातून?" मग पुढे म्हणाली, "आणि वाईट वाटलंच नाही असं नाही हो. एक वर्षभर पुरेल एवढं वाटलं. मग संपलं ते."

त्याने सांगितलं, की सिनेमाच्या पाटीवर आता तिचं नाव येईल. ती "कशाला ते" म्हणाली, आणि लगेच पुढे, "लिहिणारच असतील तर नीट लिहायला सांग. कचेरीत तीस वर्षं माझं नाव चुकीचंच लिहीत होते." तो हसला आणि हसता हसता त्याला दिसेना. चष्मा काढून त्याने विचारलं, जे इतक्या रविवारांत एकदाही विचारलं नव्हतं, "तू अजून वाजवतेस?"

"रोज. आता खांद्याला पट्टा सोसत नाही, म्हणून मांडीवर घेऊन बसते. संध्याकाळी, कामं आटपली की."

"काय वाजवतेस?"

"जे येईल ते."

"म्हणजे तुझंच? नवं? रोज?"

"रोज कसली नवी! कधी दोन दिवस काहीच येत नाही."

मनात हिशेब मांडायचा नव्हता, पण तो आपोआप मांडला गेला: एकोणपन्नास वर्षांच्या संध्याकाळी. "लिहून ठेवतेस का?"

"मी कुठली लिहिते! मला लिहिता कुठे येतं? लिहायचा तू."

"मग काल वाजवलेली आज कुठे आहे?"

"गेली," ताई म्हणाली. तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं. "थांब, घेतेच आता. फोन टेबलावर ठेवते. ऐकू येतंय का सांग."

काहीतरी सरकल्याचा आवाज, पट्टा सुटल्याचा, मग भात्याचा एक लांब श्वास. आणि तिने सुरुवात केली. आवाज फोनमधून चेपून येत होता, एक पट्टी थोडी अडकत होती, ऐंशी वर्षांची बोटं कुठे कुठे मागे राहत होती. त्याने आयुष्यभर सूर मोजले होते. कुठलंही संगीत चार ओळी ऐकलं की पाचवी कुठे जाणार ते त्याला कळायचं, त्याचा तो धंदाच होता. इथे कळेना. प्रत्येक वळणावर तो एका बाजूला जाई आणि चाल दुसरीकडे गेलेली असे, आणि ती जिथे गेली तिथेच जायला हवी होती हे ती गेल्यावर कळे. ती रडवत नव्हती, हसवत नव्हती. एक माणूस आपल्या घरात एकटाच, घाई नसलेला, दिवे लागायच्या आधीच्या उजेडात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातोय, आणि घर संपतच नाहीये, असं काहीसं होतं ते. साठ वादकांपुढे उभा राहूनही त्याला आपण इतके लहान कधी वाटलो नव्हतो, आणि लहान वाटणं इतकं सुखाचं असतं हेही माहीत नव्हतं. कागद समोर होता. पण लिहायला घेतलं असतं तर पुढचं ऐकायचं राहिलं असतं.

भाता मिटला. "आहेस का रे?" ताईने विचारलं. "ऐकू आलं?"

"आलं," तो म्हणाला. "ताई, पुन्हा एकदा वाजव ना."

"तीच आता पुन्हा कुठून येणार?" ती म्हणाली. "दुसरी येईल. ऐकणारेस?"

"ऐकतो," तो म्हणाला. त्याने खुर्ची ओढून घेतली, अंगातला कोट आता कुठे काढला, फोन कानापाशी धरला आणि डोळे मिटले. पलीकडे ताईने श्वास घेतला.